ऑनलाइन आरपीजीमध्ये (पात्राची कौशल्यं हळूहळू वाढवत खेळायच्या गेममध्ये) क्राफ्टिंग स्किलची, म्हणजे वस्तू बनवण्याच्या कौशल्याची वाढ न्याय्य कशी ठेवावी? रोजची मर्यादा घालावी का?

रात्रंदिवस खेळणारे पुढे निघून जातात आणि उशिरा आलेल्यांच्या हाती काही लागत नाही, ही तुमची तक्रार खरी आहे. पण मर्यादा हे त्यावरचं अर्धंच औषध. खरं दुखणं वेगळीकडे आहे.

एका गेममध्ये मी चामड्याचे हातमोजे शिवायला बसलो होतो. लिलावातून चामडं घ्यायचं, मोजे शिवायचे, एनपीसी (गेमनेच चालवलेल्या) दुकानदाराला मातीमोल विकायचे. साठेक जोड झाल्यावर लक्षात आलं की नुसतं चामडं तयार मोज्यांपेक्षा महाग आहे. म्हणजे माझ्या मेहनतीची किंमत उणे! मोजे कोणालाच नको होते. सगळ्यांना स्किलचे पॉइंट हवे होते आणि मोजे हा त्यातून पडलेला कचरा होता.

सिस्टिम नग मोजत राहिली की लोक सगळ्यात स्वस्त नगच बनवणार. स्कायरिम तर एकट्याने खेळायचा गेम, तरी २०११ मध्ये तो आल्यावर लोकांनी लोखंडी खंजिरांचे ढीग लावून स्मिथिंग (लोहारकामाचं स्किल) वाढवलं. पुढे पॅच १.५ या अपडेटमध्ये वस्तूच्या किमतीचा हिशोब धरला गेला. ऑनलाइनमध्ये हेच करणार असाल तर किंमत तुम्ही ठरवलेली धरा, बाजारातली नको, नाहीतर दोन मित्र एकमेकांना खंजीर लाखाला विकत बसतील. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये रेसिपी केशरी, पिवळी, हिरवी होत शेवटी राखाडी होते आणि स्किल देणं थांबवते. त्याने सोप्या कामाची घोकंपट्टी थांबते, नको असलेल्या मालाची नाही.

म्हणून नवशिक्याच्या मालाला गिऱ्हाईक द्या. मोठ्या ढालीच्या रेसिपीत वीस साधे रिव्हेट लागू देत. उस्ताद लोहाराला ते स्वतः बनवता येतील, पण तेवढ्या वेळात त्याची अर्धी ढाल होते, त्यामुळे तो विकतच घेईल. वस्तू झिजल्या पाहिजेत, हे तर हवंच. प्रत्येक नवी रेसिपी पहिल्यांदा बनवली की घसघशीत बोनस द्या, मग लोक एकाच वस्तूला चिकटून बसत नाहीत.

आता मर्यादा. रोजची कडक मर्यादा शनिवार-रविवारी खेळणाऱ्यांवर अन्याय करते. ती साठू द्या. अल्बियन ऑनलाइनमध्ये प्रीमियम सदस्यत्व असेल तर दिवसाला १०,००० फोकस (क्राफ्टिंगसाठी खर्च करायचे पॉइंट) मिळतो आणि ३०,००० पर्यंत साठतो. मला एवढंही कमीच वाटतं, आठवड्याचा तरी साठा हवा. उशिरा येणाऱ्यांसाठी ईव्ह ऑनलाइनची युक्ती चांगली आहे: कुठलंही एक स्किल पाचव्या लेव्हलपुढे जात नाही. जुना खेळाडू बाकी शंभर गोष्टींत पुढे असेल, पण एकच काम धरून बसलेला नवा त्या कामात त्याला गाठतो.

आणि हो, वस्तू मोडल्यावर किती माल परत मिळतो, तो हिशोब आधी तपासा. आमच्या प्रोटोटाइपमध्ये तलवार मोडली की जवळजवळ सगळं लोखंड परत मिळायचं. एका टेस्टरने रात्रभर तीच तलवार बनवली, मोडली, परत बनवली आणि सकाळी आम्हाला उस्ताद झाल्याचा स्क्रीनशॉट पाठवला. त्याच दिवशी परतावा निम्म्याखाली आणला.