देवावर राग येतोय, म्हणजे माझा विश्वास कमी पडला का?

सोलापुरात माझ्याकडे समुपदेशनाला ख्रिस्ती घरातली माणसं आली की हा प्रश्न हमखास येतो. मॅडम, एवढी प्रार्थना केली, उपास केले, तरी असं झालं, मग आमचाच विश्वास कमी पडला का? नोकरी गेलेला विचारतो, मूल गमावलेली आई विचारते. म्हणून एका ताईंची गोष्ट सांगते, त्यांना विचारूनच, आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

नवरा टॉवेलच्या कारखान्यात कामाला, किडन्या गेल्या, डायलिसिस चालू होतं आणि एक दिवस गेलाच. पदरात दोन पोरं. ताई दर रविवारी उपासनेला जायच्या पण शेवटच्या बाकावर बसायच्या आणि प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेतात त्या विधीच्या, आधी उठून यायच्या. पिशवीत बायबल असायचं, त्यात खूण म्हणून मेडिकलच्या बिलांच्या घड्या घातलेल्या. मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एकीनं प्रेमानंच सांगितलेलं, कुठंतरी पाप राहिलं असेल बघ. ते एक वाक्य त्यांच्या मनात रुतून बसलं होतं.

मी आधी झोप आणि जेवण विचारलं. रात्री दोनला जाग, सकाळी नुसता चहा. बायबलातला एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागत होता तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश नाही केला, भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून परत खायला दिलं. मी पण तिथूनच सुरुवात करते. डॉक्टरांकडे पाठवलं, गोळी घेणं म्हणजे अविश्वास नाही हे दोनदा सांगावं लागलं.

मग एका भेटीत विचारलं, "ताई, प्रार्थनेत काय बोलता?"
"उपकार मानते, मॅडम."
"आणि मनात काय असतं?"
बराच वेळ गप्प. मग, "ते देवाला कसं सांगू ओ?"

मी त्यांचंच बायबल उघडून स्तोत्र १३ वाचायला दिलं. कुठवर, कुठवर असं त्यात परत परत विचारलंय, तू मला कायमचा विसरणार का म्हणून. मग स्तोत्र ८८, जे शेवटपर्यंत अंधारातच राहतं, एक दिलाशाची ओळ नाही. त्या थांबल्या, बोट ओळीवरच. "हे बायबलात आहे? असं बोललेलं चालतं?" आणि मग माझ्याशी नाही, वर बघून म्हणाल्या, "त्या रात्री तू कुठं होतास? पोरगं तुझंच नाव घेत होतं." आणि रडल्या, नवरा गेल्यापासून पहिल्यांदा इतकं मोकळं.

मला तेव्हा जे उमगलं ते आजही मी प्रत्येकाला सांगते. ताई देवापासून लांब गेल्याच नव्हत्या, नवी सून सासरी जपून बोलते तशा त्या देवाशी बोलत होत्या. भांडण हक्काच्या माणसाशीच होतं. बायबलातल्या मार्थानं भाऊ गेल्यावर येशूला तोंडावर सांगितलं, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. येशूनं तिला गप्प केलं नाही, पुढं तो स्वतःच रडला. केनेथ पार्गमेंट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं हेच अभ्यासलं, संकटात देव सोबत आहे असं मानणारा माणूस तुलनेनं सावरतो आणि देव शिक्षा देतोय असं धरून बसणारा जास्त खचतो. श्रद्धा किती आहे हे बघू नका, तिच्यात देवाचा चेहरा कसा दिसतो ते बघा.

आणि विश्वासातली वाढ लगेच दिसत नाही हो. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले, मग भाऊ, १८८२ ला नवरा. ख्रिस्ती धर्म १८८३ ला घेतला, पण दुष्काळातल्या शेकडो बायका-मुलींना त्यांनी आपल्याकडे आश्रयाला आणलं ते १८९६-९७ ला. मधली वर्षं साक्ष देताना, म्हणजे मंडळीत आपला विश्वासाचा अनुभव सांगताना, कुणी सांगत नाही, माणूस घडतो मात्र तिथंच.

ताई आता घरी टॉवेलची शिलाई घेतात, प्रभुभोजनाला थांबतात. मंडळीत कुणाचा नवरा गेला की भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन जातात, बायबलातलं वचन सांगत नाहीत, शेजारी बसतात. पोरांची फी भरायच्या दिवशी राग अजून येतो, तो पण प्रार्थनेत सांगतात.

तुमच्या ओळखीत कुणी असं असेल तर 'देवाची इच्छा' हे शब्द निदान सुरुवातीला तरी बोलू नका, बँकेच्या कामाला सोबत जा, पोरं सांभाळा. आणि झोप उडाली असेल, जगावंसं वाटत नसेल तर चर्चच्या पाळक साहेबांसोबत डॉक्टर पण हवेत, मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलि-मानस १४४१६ ही फोन लाईन फुकट आहे, रात्री पण चालते.