कॅमेरा वर केला की हात गार पडतात

“फोटो दिसतो, पण कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत माणूस निघून गेलेला असतो. आणि कुणी जाब विचारला तर?” रस्त्यावरच्या अनोळखी माणसांचे सहज फोटो काढू पाहणाऱ्या एका तरुणाची ही तक्रार. तोडगा म्हणून त्याने २०० मिमीची, म्हणजे दूरचं जवळ दाखवणारी लेन्स घेतली आणि तो रस्त्यापलीकडून, खांबाआडून फोटो काढू लागला. फोटो सपाट येत होते आणि धाकधूक वाढतच होती.

ती वाढणारच. लपून फोटो काढला आणि कुणी काही बोललं नाही, की मन म्हणतं, लपलो म्हणून निभावलं. उघडपणे काढला असता तर काय झालं असतं, हे कधी कळतच नाही. शिवाय आडोशाला उभा असलेला माणूसच लोकांच्या नजरेत जास्त खुपतो. म्हणून सगळ्यात आधी ती लेन्स घरी ठेवायची, असं ठरलं.

त्याची निम्मी घबराट बोटांची होती. ऐन वेळी फोकस शोधत बसावं लागायचं. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ३५ मिमीची, म्हणजे जास्त रुंद दृश्य टिपणारी लेन्स, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र) एफ/८, फोकस हाताने अडीच मीटरवर पक्का केला, तर साधारण १.७ ते ४.८ मीटरमधलं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. शटर (प्रकाश आत येण्याचा वेळ) १/५०० सेकंद. आयएसओ (प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) ऑटोवर, कमाल ३२००. मग रस्त्यावर उरतं फक्त अंतर ओळखणं. त्यासाठी त्याने घरी जमिनीवर टेप पसरून अडीच मीटर नजरेत बसवले. उभा माणूस या अंतरावर फ्रेममध्ये किती मोठा दिसतो, हेही पाहून ठेवलं.

मग भीतीची उतरंड लिहिली, शून्य ते दहा आकड्यांत. कॅमेरा नुसता गळ्यात घालून चालणं: दोन. चांगल्या उजेडाची भिंत निवडून तिथे थांबणं आणि माणसं आपोआप फ्रेममध्ये येऊ देणं: चार. विचारून फोटो काढणं: सहा. समोरून येणाऱ्याचा न विचारता काढणं: आठ. प्रत्येक पायरीआधी ‘काय होईल असं वाटतं’ ते एका ओळीत लिहायचं, परतल्यावर ‘काय झालं’ ते. आकडा निम्म्यावर येईपर्यंत जागा सोडायची नाही. धडधड शिगेला असताना निघून गेलं, तर मन सुटकाच लक्षात ठेवतं.

गाडी अडली ती चारवर. क्लिक झालं की तो झटकन कॅमेरा खाली घेऊन तोंड फिरवायचा, आणि नेमकं त्यामुळेच लोक वळून बघायचे. उपाय साधा: माणूस फ्रेममधून बाहेर जाईपर्यंत कॅमेरा डोळ्यालाच ठेवायचा, मागची भिंतच टिपतोय अशा निवांतपणे. नजरानजर झालीच तर हसून मान हलवायची. कुणी हटकलं तर एकच वाक्य तयार ठेवायचं: “उजेड छान पडला होता म्हणून काढला, नको असेल तर लगेच काढून टाकतो.” आणि खरंच, त्यांच्यासमोर काढून टाकायचा. वाद घालायचा नाही, कायदा आपल्या बाजूने असला तरी. तो देशागणिक बदलतो. आपल्या ठिकाणचा आधी माहीत करून घ्यावा.

एक गोष्ट मात्र या उतरंडीत घालायची नाही. रडणारा, जखमी किंवा असहाय अवस्थेतला माणूस समोर असताना हात अडला, तर तो भित्रेपणा नव्हे. लहान मुलांच्या बाबतीतही तेच. तो अडखळा घालवू नये, जपावा.

आठची पायरी आता त्याला चारची वाटते. अरुंद गल्लीत अजून पाच. तिथे माणसं दीड मीटरवर येतात आणि चेहरे धूसर पडतात. त्यासाठी गल्लीत शिरण्याआधीच फोकस १.५ मीटरवर आणायचा. मग साधारण १.२ ते २.१ मीटरचा पट्टा हाताशी राहतो.