खालचा सूर

अनेक आशीर्वाद.

सोल आणि जॅझ या अमेरिकी संगीतप्रकारांमधल्या, विस्मृतीत गेलेल्या वीस कलाकारांची यादी मागितलीस. यादी देणार नाही. वीस जणांना तू आठवड्यात उरकशील आणि एकही कानात राहणार नाही. त्यापेक्षा तुला पाठ असलेलं एकच गाणं पुन्हा लाव. फोर टॉप्स या गायकमंडळीचं ‘बर्नाडेट’, १९६७चं. या वेळी गायकाला जरा बाजूला ठेव आणि त्याच्या खाली काय चाललंय ते ऐक.

तिथे बेस गिटार आहे. ती निमूट ठेका धरून बसत नाही. गायकाच्या दोन ओळींमधली फट दिसली की वर चढते, आडवळणाने जाते, आता चुकणार असं वाटतं, आणि समेला मात्र हजर! वाजवणारा जेम्स जेमर्सन. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनात १९३६ साली जन्मला, १९५४मध्ये डेट्रॉइट शहरात आला आणि आधी उभा बेस, म्हणजे उभ्याने वाजवायचा तो मोठा, शिकला. दिवसा मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत सोल, रात्री क्लबात जॅझ. स्टुडिओतले बहुतेक साथीदार असेच जॅझमधून आलेले. ‘फंक ब्रदर्स’ म्हणायचे त्यांना. जेमर्सन उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने वाजवायचा. तारा तुटल्याशिवाय बदलायचा नाही. आपल्याकडे नव्या तारांचं केवढं कौतुक, आणि हा गृहस्थ जुन्या, मळक्या तारांवर जग नाचवत होता.

रेकॉर्डच्या कव्हरवर मात्र यांची नावं नसत. ती ठळकपणे आली १९७१मध्ये, गायक मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या अल्बमवर. त्यातल्या त्याच नावाच्या गाण्याच्या वेळी जेमर्सन इतका प्यायलेला होता, की जमिनीवर उताणा पडून वाजवलं, असं सांगतात. खरं असो, खोटं असो, तू ते सूर ऐक. पुढच्याच वर्षी कंपनी लॉस एंजेलिसला गेली. तोही मागोमाग गेला, पण काम आटत गेलं. १९८३मध्ये कंपनीच्या पंचविशीचा मोठा सोहळा झाला, तो त्याने तिकीट काढून प्रेक्षकांत बसून पाहिला. त्याच ऑगस्टमध्ये, ४७व्या वर्षी, तो गेला.

आता कीव करत बसू नकोस. मला ‘उपेक्षित’ या शब्दाचा हल्ली कंटाळा आलाय. विस्मरणात गेलेल्या कित्येक रेकॉर्ड खरोखर रटाळ असतात. मी पदरचे पैसे घालून घेतल्या आहेत, अजून माळ्यावर पडून आहेत. जेमर्सन ऐकायचा तो त्याच्या वादनासाठी, हालांसाठी नव्हे.

एक नाव आणखी देतो, कारण तेही डेट्रॉइटचंच आहे. डोरोथी ॲशबी. ती हार्पवर जॅझ वाजवायची. हार्पला ४७ तारा आणि पायाशी सात पेडल. कोमल-तीव्र स्वरांसाठी पेडल हलवावं लागतं. जॅझमध्ये स्वरांची चौकट क्षणाक्षणाला बदलते, म्हणजे हातांइतकेच पायही पळणार. लोकांना हार्प म्हणजे देवदूतांचं वाद्य. त्यावर जॅझ कोण ऐकणार? म्हणून ती आपलं त्रिकूट घेऊन लग्नांत, नाचाच्या कार्यक्रमांत वाजवत फिरली. तिचा ‘आफ्रो-हार्पिंग’ हा अल्बम १९६८चा आहे. पण आधी स्टीव्ही वंडरचं १९७६चं ‘इफ इट्स मॅजिक’ ऐक. आवाज आणि हार्प, जवळजवळ बाकी काहीच नाही. हे गाणं तू नक्की ऐकलं असशील. हार्प कुणाचा, असं विचारलं होतंस का कधी?

एवढीच सवय लाव. गाणं आवडलं की मागे कोण होतं ते शोध, आणि त्याच माणसाने दुसरीकडे काय वाजवलं ते काढ. डेट्रॉइटच्या एका गल्लीतून शिरलीस तर वर्षभर बाहेर येणार नाहीस. आपल्या हिंदी गाण्यांच्या मागे उभ्या असलेल्या गोव्याच्या वादकांबद्दलही लिहायचं आहे, पण तो विषय मोठा आहे. पुढच्या पत्रात.

तुझा,
काका

ता. क. हे सगळं मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नकोस. बेसची सर्वांत खालची तार साधारण ४१ हर्ट्झची. त्या बारक्या स्पीकरला ती झेपत नाही. बरा हेडफोन नसेल तर माझा घेऊन जा. फक्त उजवीकडची वायर जरा धरून ठेवावी लागते.