वाचू काय आणि सही कुठे करू?

आपल्याच भागातल्या ग्रंथालयात, आपल्याच ओळखीच्या माणसांसमोर पुस्तक वाचून दाखवणं याबद्दल या सदरात मागे ओझरतं लिहिलं होतं. त्यावर पत्रांचा ढीग लागला. बहुतेक पत्रं पहिलं-दुसरं पुस्तक आलेल्यांची, काही संयोजकांची आणि थोडी निव्वळ वाचकांची आहेत. ग्रंथालयात नोकरी करताना असे कार्यक्रम मी बरेच जुळवले, खुर्च्या मांडण्यापासून पेन शोधण्यापर्यंत. तेवढ्याच भांडवलावर ही उत्तरं.

प्रश्न : माझी पहिली कादंबरी आली आहे. ग्रंथालयाने वाचनाला बोलावलंय. समोर शेजारी, ऑफिसातले लोक आणि आई असेल. कादंबरीत एक खडूस घरमालक आहे. आमचे जुने घरमालकही येणार आहेत! शिवाय नायिकेचं प्रेमप्रकरण आईसमोर कसं वाचू? नेमकं काय वाचू?

परक्या ठिकाणी लोक आधी पुस्तक ऐकतात आणि मग हे लिहिणारी कोण, अशी चौकशी करतात. आपल्या भागात सगळं उलटं असतं. तुम्ही कोणाची मुलगी, कुठे नोकरीला, हे त्यांना पाठ आहे. त्यामुळे तुम्ही वाचायला लागलात की पहिली काही मिनिटं सभागृहात एकच उद्योग चालतो : हा कोण, ती कोण. घरमालकाचा प्रसंग वाचलात तर तुमचं एकही वाक्य कोणी ऐकणार नाही, सगळ्यांच्या माना त्या गृहस्थांकडे वळतील. म्हणून तो प्रसंग टाळा. घाबरायचं काही कारण नाही, पण वाचन फुकट जाईल. ज्यात ओळख पटवायला फार वाव नाही असा उतारा घ्या. कोणीतरी काहीतरी करतंय, एखादी जागा उलगडतेय, दोनच माणसं बोलतायत, असा. ओळखीच्या लोकांचं लक्ष तुमच्यावरून उठून मजकुरावर जाऊन बसलं पाहिजे. घरच्या मैदानावरच्या वाचनात खरी मेहनत तिथेच आहे.

प्रश्नोत्तरांत 'तो घरमालक कोणावरून घेतला' हे कोणीतरी विचारणारच. 'अनेकांचं थोडं थोडं' एवढं म्हणा आणि पुढच्या हाताकडे बघा. शपथा घेऊ नका. जितका नकार जोरात, तितकी खात्री पक्की. आणि माझा अनुभव विचाराल तर वाईट पात्रात माणूस स्वतःला क्वचितच ओळखतो, शेजाऱ्याला मात्र लगेच ओळखतो. तुमचे घरमालक बहुधा खूश होऊन सही घेतील.

प्रेमप्रकरणाचं म्हणाल, तर जे वाचताना आवाज खाली जाणार आहे ते वाचू नका. पुस्तकात ते आहेच. आई घरी वाचेल, किंवा वाचून न वाचल्यासारखं करेल.

आता लांबी. वीस मिनिटं पुष्कळ झाली, तीही दोन तुकड्यांत. सावकाश वाचलं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे सगळं मिळून दोन-अडीच हजार शब्द. बहुतेक जण पहिलं प्रकरण उचलतात. पण पहिल्या प्रकरणात नावांची आणि नात्यांची गर्दी असते. वाचणारा पान मागे उलटू शकतो, ऐकणाऱ्याला ती सोय नाही.

छापलेलं जसंच्या तसं वाचायचं असाही काही नियम नाही. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे लांब वाक्यात ऐकणारा सगळं सामान हातात धरून ताटकळत उभा राहतो. समजा छापलंय : 'दहा वर्षांपूर्वी ज्या घरातून पुन्हा कधीही न परतण्याच्या निश्चयाने ती बाहेर पडली होती त्याच घराच्या दाराशी सुमन आज उभी होती.' डोळ्यांना ठीक आहे. कानांसाठी असं करा : 'सुमन दाराशी उभी होती. दहा वर्षांनी. परत यायचं नाही, असं ठरवून ती याच घरातून गेली होती.' 'असं तो म्हणाला', 'ती उत्तरली' यातलं निम्मं खोडा. ते काम तुमचा आवाज करेल. उतारा मोठ्या टाइपात वेगळ्या कागदांवर छापून घ्या, एकाच बाजूला, आणि वाक्य अर्ध्यावर असताना कागद उलटावा लागणार नाही असा. श्वास घ्यायच्या जागी पेन्सिलने तिरकी रेघ मारा.

यात कमीपणा वाटत असेल तर चार्ल्स डिकन्सचं उदाहरण घ्या. १८५३ साली त्याने धर्मादाय कामासाठी जाहीर वाचन सुरू केलं, १८५८ पासून तो व्यवसाय म्हणून वाचू लागला आणि मार्च १८७० मध्ये, मृत्यूच्या तीन महिने आधी, शेवटचं वाचन केलं. त्याच्या वाचनाच्या प्रती वेगळ्या असत. त्यांत परिच्छेदच्या परिच्छेद काट मारलेले आणि समासात स्वतःसाठी सूचना. इतक्या लोकप्रिय लेखकाने स्वतःच्या गद्यावर कात्री चालवली, मग आपणच का हात आखडता घ्यायचा?

थांबायचं कुठे? काहीतरी घडणार आहे असं वाटायला लागलं, की तिथे. कागद खाली ठेवा आणि 'पुढे काय झालं ते पुस्तकात वाचा' असं चुकूनही म्हणू नका. ते सगळ्यांना कळतं.

प्रश्न : आमच्या वाचकगटाने एका स्थानिक लेखकाचा कार्यक्रम ठेवला. खुर्च्या साठ, माणसं नऊ. लेखक खट्टू झाले, आम्हीही. पुन्हा करावं का?

करा. पण साठ खुर्च्या कोणी मांडल्या? पंधरा मांडा, बाकीच्या भिंतीशी रचून ठेवा. जास्त लोक आले तर उठून खुर्ची आणायला कोणाला त्रास होत नाही, उलट कार्यक्रमाला गर्दी झाल्यासारखी वाटते. नऊच आले तर व्यासपीठ सोडा, माईक बंद करा, लेखकाला खाली बोलावून गोल करून बसा. नऊ माणसांसमोर माईकवरून 'उपस्थित रसिकहो' म्हणणं मी पाहिलंय; ऐकणाऱ्यांनाच अवघडल्यासारखं होतं.

आता निमंत्रणाकडे बघा. तुम्ही पाठवलेल्या पत्रिकेवर लेखकाचं नाव मोठं, फोटो त्याहून मोठा आणि पुस्तक कशाबद्दल आहे हे कुठेच नाही. अहो, तो लेखक लोकांना रोज रस्त्यात दिसतो. त्याला बघायला कोण येणार? पुस्तक विहिरी खणणाऱ्यांवर असेल तर तसं लिहा, आणि विहिरी खणणाऱ्यांना, पाण्यावर काम करणाऱ्यांना, भूगोलाच्या शिक्षकांना वेगळं सांगा. यांतले अर्धे एरवी साहित्याच्या कार्यक्रमाला फिरकत नाहीत, आणि प्रश्न मात्र तेच चांगले विचारतात.

आणखी एक. परिचय करून देणाऱ्याला दोन मिनिटं द्या आणि ती घड्याळ लावून द्या. लेखकाची सगळी कारकीर्द आणि वर कादंबरीचा शेवटही सांगून मोकळे होणारे परिचयकर्ते सगळीकडे आहेत. त्यांना आभाराचं काम द्यावं.

प्रश्न : ओळखीचे सगळे 'आम्हाला भेटप्रत नाही का?' म्हणतात. कार्यक्रमातही तेच. नाही म्हटलं तर वाईटपणा, हो म्हटलं तर माझ्या खिशाला चाट.

हे दुखणं जागतिक आहे. लेखकाला प्रकाशकाकडून मोजक्या प्रती मिळतात, पुढच्या त्यालाही सवलतीत का होईना विकत घ्याव्या लागतात, हे लोकांना खरंच माहीत नसतं. त्यांना वाटतं, घरी गठ्ठे पडलेत. तेव्हा कोणाला भेट द्यायची ती यादी आधीच ठरवा (ज्यांनी हस्तलिखित वाचलं, ज्यांनी माहिती दिली, एक प्रत ग्रंथालयाला) आणि ती संपली की संपली. बाकीच्यांना हसून सांगा, 'विकत घ्या, सही फुकट.' कार्यक्रमात विक्रीच्या टेबलावर मात्र तुम्ही स्वतः बसू नका. लेखक समोर बसून पैसे घेतोय म्हटल्यावर घेणाऱ्यालाही संकोच आणि मागणाऱ्यालाही जोर. ते काम प्रकाशकाच्या माणसाला, पुस्तकविक्रेत्याला किंवा एखाद्या ठाम भाचीला द्या.

प्रश्न : कवितावाचनात किती कविता वाचाव्यात? मी बारा वाचल्या, शेवटी लोक मोबाईल बघत होते.

बारा चालतात, पण एकाच चालीच्या बारा चालत नाहीत. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर एकत्र गावोगाव कविता वाचत. त्यात तिघांच्या कवितेइतकंच तिघांच्या आवाजाचं आणि स्वभावाचं वेगळेपण होतं. एकाने गंभीर केलेली सभा दुसरा हलकी करी. तुम्ही एकट्या असलात तर लांबीत तरी फरक ठेवा. लांब कवितेनंतर चार ओळींची. आपल्या कवितांमध्ये दुसऱ्या कोणाची एक वाचा. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे बोरकरांच्या कवितांचं वाचन करत, ते ऐकताना कळे की आवडती कविता वाचणाऱ्याच्या तोंडून किती वेगळी येते. स्वतःच्या कविता वाचताना तेवढा आनंद दिसू द्यायला आपण लाजतो.

आणि कवितेआधी तिचा अर्थ सांगू नका. ती कधी सुचली हेही दर वेळी नको.

प्रश्न : सही नेमकी कुठल्या पानावर करायची? लिहायचं काय? रांगेत माझा हात गोठतो, नावं चुकतात.

मुखपृष्ठ उघडल्यावर जे पहिलं कोरं, जाड पान लागतं त्यावर नको. पुढे बांधणी सैल झाली की आधी तेच सुटतं. पुस्तकाचं आणि तुमचं नाव छापलेलं आतलं शीर्षकपान असतं, तिथे छापील नावाखाली करा. पेन आधी त्या कागदावर चालवून बघा. गुळगुळीत कागदावर जेल पेनची शाई लवकर वाळत नाही आणि पुस्तक मिटलं की समोरच्या पानावर तुमची उलटी सही उमटते. बॉलपेन दाबून चालवलं तर मागच्या पानावर वळ येतात. बारीक टोकाचं, पटकन वाळणारं पेन घ्या, तसलंच दुसरं जवळ ठेवा, आणि सही झाल्यावर पानात कागदाचा कपटा सरकवा.

नावाची चूक टाळायला एकच उपाय : रांगेत एक जण उभा करा आणि तो प्रत्येकाला कपट्यावर स्वतःचं नाव स्वतःच्या हाताने लिहायला लावेल. 'ज्योत्स्ना' हे नाव मी चार प्रकारे लिहिलेलं पाहिलंय, आणि चारही जणींना आपलंच बरोबर वाटत होतं. कपटा पुस्तकात ठेवून पुढे येऊ दे. याचा आणखी एक फायदा आहे. रोज भेटणाऱ्या, चेहरा पक्का माहीत असलेल्या बाईंचं नाव ऐन वेळी आठवत नाही, ही स्थानिक लेखकाची खास फजिती असते. कपटा असला की झाकली मूठ.

लिहायचं काय? नाव, 'सस्नेह', सही, तारीख, आणि हवं तर ठिकाण. प्रत्येकासाठी नवं वाक्य सुचवत बसलात तर दहाव्या माणसापर्यंत मेंदू आटतो. काहींना नुसती सही हवी असते, कारण पुस्तक दुसऱ्याला द्यायचं असतं. 'कोणाच्या नावे?' हे विचारूनच पेन टेकवा.

प्रश्न : आमच्या लेखिका वयामुळे घराबाहेर पडू शकत नाहीत. त्यांच्या सहीच्या प्रती लोकांना कशा देता येतील?

कॅनडाच्या लेखिका मार्गारेट ॲटवुड यांनी २००६ साली दूरवरून खरीखुरी शाईची सही करणारं यंत्रच लोकांसमोर आणलं होतं. तुम्हाला इतकं लांब जायला नको. चांगल्या कागदाच्या छोट्या पट्ट्या त्यांच्याकडे द्या, जमेल तशा सावकाश सह्या करू देत, मग त्या शीर्षकपानावर चिकटवा. वाचनासाठी त्यांचा आवाज घरीच ध्वनिमुद्रित करा. एका बैठकीत सगळं उरकायचा हट्ट नको. मात्र ते सर्वत्र पाठवण्याआधी प्रकाशकाला विचारा. पुस्तकाचे श्राव्य हक्क आधीच दुसऱ्या कोणाला दिलेले असू शकतात.

प्रश्न : मी फक्त वाचक आहे. जुन्या बाजारातून घेतलेल्या प्रतीवर सही मागितली तर लेखकाला राग येईल का? ग्रंथालयाच्या प्रतीवर?

जुन्या प्रतीवर खुशाल मागा. वाचून मऊ झालेली प्रत पुढे आली की लेखक सहसा खुलतात. कार्यक्रमात विक्री चालू असेल तर नवीन प्रत घेणाऱ्यांना पुढे जाऊ द्या, एवढं सौजन्य पुरे. ग्रंथालयाच्या प्रतीवर तुमच्या नावाने सही नको, ती प्रत तुमची नाही. ग्रंथपालांनी स्वतः घेतली तर गोष्ट वेगळी.

प्रश्न : सही घेतलेलं पुस्तक दुसऱ्याला वाचायला द्यावं का?

द्या की. आत तुमचं नाव लेखकाच्या हाताने लिहिलेलं आहे. इतर पुस्तकांपेक्षा ते परत येण्याची शक्यता थोडी जास्तच.