उसने पैसे मागितले तर

सप्रेम नमस्कार,

समाजसेवी संस्थेत तुझ्याकडे मदतीसाठी येणाऱ्या बाईंनी मुलाच्या फीसाठी उसने पैसे मागितले आणि तू उत्तर उद्यावर ढकललंस, हे वाचलं. देऊ नकोस. प्रश्न रकमेचा नाही. पैसे हातात पडले की त्या तुझ्या देणेकरी झाल्या. परतफेड लांबली की भेटीला यायचं टाळतील. आल्या तरी घरात मारहाण वाढलीय हे सांगायच्या आधी ‘तेवढं पैशाचं राहिलंय’ म्हणतील, आणि कदाचित पुढचं सांगणारच नाहीत. तू नंतर ‘जाऊ दे, नका देऊ’ म्हटलंस तरी ओझं उतरत नाही.

पण नुसता नकार देऊन थांबू नकोस. संस्थेचा मदतनिधी, शाळेकडे फी हप्त्यांत भरू देण्याची विनंती, शिष्यवृत्ती, यातलं जे लागू पडेल ते त्यांच्यासोबत बसून कर. ‘मी स्वतःचे पैसे कुणालाच देत नाही, पण हा अर्ज आत्ता भरू’ हे वाक्य आधीच तोंडात बसवून ठेव, ऐनवेळी सुचत नाही. (कोरडेपणालाच मर्यादा समजणारे वरिष्ठ भेटतील. त्यांचं ऐकून घे, अनुकरण नको.)

दुहेरी नात्यांबद्दल, म्हणजे सेवार्थीशी (आपल्याकडे मदत घेणाऱ्या व्यक्तीशी) कामाबाहेरचंही नातं असण्याबद्दल, मात्र ‘असं नातं कधीच नको’ ही तुझी समजूत जरा जास्तच कडक आहे. अमेरिकेतल्या नॅशनल असोसिएशन ऑफ सोशल वर्कर्स या समाजकार्यकर्त्यांच्या संघटनेची आचारसंहितासुद्धा अशी सगळी नाती सरसकट बंद करत नाही. जिथे शोषणाचा किंवा अपायाचा धोका आहे ती टाळा, असं ती म्हणते, आणि त्यात माजी सेवार्थीही आले. टाळणं अशक्य असेल, तर मर्यादा स्पष्ट आखण्याची जबाबदारी कार्यकर्त्याची. ‘त्यांनीच आग्रह केला’ ही सबब चालत नाही. सेवार्थींशी लैंगिक संबंधांना संमती असली तरी मनाईच आहे. 2017 च्या दुरुस्तीत समाजमाध्यमांवरच्या मैत्रीच्या विनंत्यांचाही विचार झाला. त्या स्वीकारू नयेत, असाच तिचा कल आहे.

लहान वस्तीत काम करताना नाती गुंतणारच. दोघांची मुलं एकाच वर्गात निघतील. म्हणून पहिल्याच भेटीत सांगून टाक: ‘बाहेर दिसलात तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही. तुम्ही बोललात तर बोलेन, पण इथल्या गोष्टी तिथे काढणार नाही.’ हे आधी बोललं नाही, तर तू नजर चुकवलीस की त्यांना वाटतं, आपली लाज वाटली.

मुलीने काढलेलं चित्र, फुलं, असल्या भेटींवर फार डोकं शिणवू नकोस. घे आणि नोंदीत लिही. लिहिताना हात अडखळला, किंवा ‘हे सुपरव्हायझरना कळायला नको’ असं वाटलं, तर त्याच दिवशी त्यांच्याशी बोल. काय घडलं, कोणते पर्याय पाहिले, काय ठरलं, एवढं तारखेसकट लिहून ठेव. आठवड्याने लिहिलेल्या नोंदीत आपण नकळत स्वतःची बाजू सावरलेली असते.

कळव.