'मादोआदोआ'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा : केनियातल्या लुह्या लोकांवर १९९१-९२ मध्ये झालेल्या हल्ल्यांवरच्या लेखाचं भाषांतर करताना 'मादोआदोआ' हा स्वाहिली शब्द अडला. 'डाग' चालेल का? आणि त्या प्रकाराला 'वांशिक दंगली' म्हणावं का?

'डाग' जवळचा आहे, पण एकटा पुरा पडत नाही. 'दोआ' म्हणजे डाग, ठिपका. 'मादोआ' हे अनेकवचन. 'दोआ' पुन्हा जोडला की विखुरलेपणा येतो, आपल्या 'ठिकठिकाणी'सारखा. बांड्या गायीच्या अंगावर असतात ते मादोआदोआ. शब्द तसा गरीबच. विष आलं क्रियापदातून : 'ओन्दोआ मादोआदोआ', डाग काढून टाका.

कुठल्या कापडावरचे? रिफ्ट व्हॅली (पश्चिम केनियातला मोठा प्रदेश) म्हणजे कालेंजिन, मसाई यांचं एकरंगी कापड, आणि किकुयू, लुह्या, लुओ, किसी हे त्यावरचे डाग, अशी ती कल्पना. यांतले कित्येक जण गोऱ्यांच्या मळ्यांवर मजुरीला आलेल्यांचे वंशज, स्वातंत्र्यानंतर रीतसर जमीन घेतलेले. १९९१ मध्ये बहुपक्षीय निवडणुकांची मागणी जोर धरू लागली, तेव्हा अध्यक्ष मोई यांच्या गोटातल्या नेत्यांनी सभांतून 'माजिम्बो'चा घोष सुरू केला. शब्दशः 'प्रांत', म्हणजे संघराज्य. ऐकणाऱ्यांनी घेतलेला अर्थ : परक्यांना हाकला. ऑक्टोबरात नांदी जिल्ह्यातल्या मेतेइतेईत हल्ले सुरू झाले. पुढे ट्रान्स-न्झोइया, बुंगोमा, माउंट एल्गॉन भागांत लुह्यांपैकी बुकुसूंची घरं जळली. १९९३ पर्यंत देशभरात सुमारे १,५०० मृत आणि ३ लाख बेघर, असा मानवी हक्क संघटनांचा अंदाज होता.

आता पर्याय. 'कलंक' नको, त्यात अब्रूचा वास येतो. 'परप्रांतीय' कागदावर चपखल बसतो, पण फारच सरकारी. 'उपरे' अर्थ देतो, चित्र घालवतो. उपऱ्याला निदान माणूस तरी समजतात, डागाला फक्त साबण लावतात. शिवाय मराठीत 'अंगावर चार डाग' म्हटलं की दागिने डोळ्यांपुढे येतात, ती अडचण आहेच. मी पहिल्यांदा 'मादोआदोआ (डाग)' असं लिहीन, नंतर अवतरणातला 'डाग'.

'दंगल' मात्र टाळाच. दंगल म्हटली की दोन्हीकडून दगड आले, भडका उडाला, विझला. केनियातली इंग्रजी वर्तमानपत्रंही याला 'जमातींच्या चकमकी' म्हणत राहिली. पण १९९२ ची संसदीय समिती आणि १९९८ चा अकिवुमी आयोग, दोघांनीही बोट राजकारण्यांकडे आणि प्रशासनाकडे दाखवलं. 'हल्ले', 'हुसकावणी' हे शब्द सरळ आहेत. 'वांशिक' रूढ असला तरी मला खुपतो. हे भाषांवरून ओळखले जाणारे जनसमूह, 'जमातीय' बरा. लुह्या हे नावही १९३०-४० च्या दशकांत रुजलेलं, बुकुसू, मारागोली, वांगा अशा अनेक समूहांना एका शेकोटीभोवती बसवणारं. म्हणून मूळ लेखात 'बुकुसू' असेल तिथे 'लुह्या' करू नका.

जाता जाता : २०२२ च्या निवडणुकीआधी केनियाच्या राष्ट्रीय ऐक्य आयोगानं द्वेषाच्या शब्दांची यादी काढली, तीत 'मादोआदोआ' आहे. 'क्वेक्वे'ही आहे. त्याला मात्र शब्द शोधत बसावं लागणार नाही : तण.