खाडीच्या गाळातली ‘नवी प्रजाती’ की ‘नवी जाती’?

रत्नागिरीहून एका शिक्षिकेने विचारले आहे की, त्यांच्या कनिष्ठ महाविद्यालयातील मुलांनी भाट्ये खाडीलगतच्या कांदळवनातून गाळ आणून त्यातले जीवाणू वाढवले आणि अहवालात ‘आम्ही जीवाणूंच्या काही नव्या प्रजाती शोधून काढल्या’ असे लिहिले. पाठ्यपुस्तकात ‘जाती’ हा शब्द आहे, वर्तमानपत्रांत सर्रास ‘प्रजाती’ छापले जाते. तेव्हा बरोबर काय, आणि ‘नव्या’ हे विशेषण राहू द्यावे का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. मराठी परिभाषेत सजीवांच्या वर्गीकरणाची उतरंड सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि जाती अशी आहे. आंब्याचे शास्त्रीय नाव मँगिफेरा इंडिका. त्यातील मँगिफेरा ही प्रजाती आणि दोन्ही शब्द मिळून होते ती जाती. प्राणिशास्त्राच्या मराठी लेखनात प्रजातीऐवजी ‘वंश’ हा शब्दही भेटतो, पण सर्वांत खालच्या पायरीला तिथेही ‘जाती’च म्हणतात. हिंदी वर्तमानपत्रांत मात्र या खालच्या पायरीला ‘प्रजाति’ म्हणण्याचा प्रघात आहे, आणि बातम्यांच्या भाषांतरांतून तो आपल्याकडे आला असावा. दुसरेही एक कारण मला संभवते. ‘जात’ या शब्दाला समाजव्यवहारात जो अर्थ चिकटला आहे, त्यामुळे लिहिणाऱ्याचा हात अडखळतो आणि त्याला ‘प्रजाती’ अधिक शास्त्रीय व सोवळा वाटतो. व्युत्पत्ती येथे निवाडा करू शकत नाही, कारण संस्कृतात ‘प्रजाति’ म्हणजे प्रजोत्पत्ती. वर्गीकरणातला अर्थ आपण पुढे संकेताने ठरवला. मग संकेत का मोडू नये, असे कोणी म्हणेल, तर त्याचे उत्तर जीवाणूंच्या नावांतच आहे.

किनाऱ्यावर कालवे आणि कोळंबी खाणाऱ्या सर्वांशी संबंध असलेला एक जीवाणू घेऊ. १९५० मध्ये जपानमधील ओसाका परिसरात अर्धवट सुकवलेली बारीक मासळी खाऊन २७२ लोक आजारी पडले आणि त्यांतील २० दगावले. त्या उद्रेकातून फुजिनो या संशोधकाने एक जीवाणू वेगळा काढला आणि त्याला पाश्च्युरेला पॅराहीमोलिटिका असे नाव दिले. पुढे अधिक चाचण्या झाल्यावर तो पाश्च्युरेलांमध्ये बसत नाही, पटकीचा जीवाणू ज्या गटात आहे त्या व्हिब्रिओंमध्ये बसतो, असे दिसले आणि १९६३ मध्ये साकाझाकी यांनी त्याला व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकस केले. आता हे मराठीत एका वाक्यात सांगायचे तर ‘त्याची प्रजाती बदलली, जाती तीच राहिली’ असे म्हणता येते. जो लेखक खालच्या पायरीलाच ‘प्रजाती’ म्हणतो, त्याला हे वाक्य लिहिण्याची सोयच उरत नाही. जीवाणूंच्या बाबतीत अशी स्थलांतरे नित्याची आहेत, म्हणून दोन पायऱ्यांना दोन शब्द शाबूत ठेवणे मला अत्यावश्यक वाटते.

याच उदाहरणात भाषाप्रेमीला सुखावणारी आणखी एक गोष्ट आहे. पाश्च्युरेला हे लॅटिन व्याकरणात स्त्रीलिंगी, म्हणून विशेषण पॅराहीमोलिटिका. व्हिब्रिओ पुल्लिंगी, म्हणून तेच विशेषण पॅराहीमोलिटिकस. आपण ‘काळी माती’ आणि ‘काळा दगड’ म्हणतो तसेच हे आहे. नपुंसकलिंगी रूप हवे असेल तर स्फिंगोबियम इंडिकम पाहावे, आणि पुल्लिंगी ‘इंडिकस’ पश्चिम बंगालच्या भूजलातून मिळालेल्या, आर्सेनिक सोसणाऱ्या डायनोकॉकस इंडिकस या जीवाणूत आहे. व्यक्तीच्या नावावरून विशेषनाम करायचे असल्यास बहुधा षष्ठी वापरतात. भारतीय शास्त्रज्ञांनी बलून उडवून वातावरणाच्या उंच थरांतील हवेचे नमुने घेतले, त्यांतून मिळालेल्या एका जीवाणूचे २००९ मध्ये बॅसिलस आर्यभट्टाय असे नामकरण झाले. म्हणजे ‘आर्यभटाचा बॅसिलस’. २०२० मध्ये तो प्रीस्टिया या स्त्रीलिंगी नावाच्या प्रजातीत गेला, तरी ‘आर्यभट्टाय’ बदलले नाही, कारण लॅटिन षष्ठी संस्कृतातल्या ‘आर्यभटस्य’सारखी असते, नामाच्या लिंगाप्रमाणे मराठीतल्या चा-ची-च्यासारखी फिरत नाही. स्थळावरून नाव करताना ‘-एन्सिस’ किंवा नपुंसकलिंगी ‘-एन्से’ हा प्रत्यय लागतो. लोणारच्या सरोवरावरून ‘लोनारेन्सिस’ असे विशेषण झाले आहे. उद्या राजापूरजवळच्या उन्हाळे गावातील गरम झऱ्यातून खरोखर नवी जाती मिळाली, तर ‘राजापुरेन्सिस’ हे रूप व्याकरणाला धरून होईल. नव्या नावाच्या वर्णनात त्याची व्युत्पत्ती, लिंग आणि विभक्ती यांसह द्यावी लागते. प्रयोगशाळेतल्या माणसाला व्याकरणाचा हिशेब चुकता करायला लावणारी ही प्रथा मला मनापासून आवडते.

आता ‘नव्या’ या शब्दाकडे वळू, कारण खरी गफलत तिथे आहे. मुलांनी काय केले असेल ते डोळ्यांसमोर आणावे. तिवराच्या मुळांजवळचा काळा, कुजक्या अंड्यासारखा वास येणारा गाळ निर्जंतुक खाऱ्या पाण्यात पातळ करून त्यांनी अगारवर, म्हणजे जीवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमावर, पसरला. दोनतीन दिवसांत पांढरट, पिवळे, एखादा पोवळ्याच्या रंगाचा, असे ठिपके उठले. असा एक ठिपका तारेच्या कडीने उचलून नव्या अगारवर रेघा ओढत नेला की शेवटच्या रेघेवर सुटे, एकसारखे ठिपके उरतात, आणि एकाच पेशीपासून वाढलेले शुद्ध कल्चर हाती येते. त्याला स्ट्रेन म्हणतात. मराठीत ‘वाण’ हा शब्द त्याला चांगला शोभतो, आणि कोकणात तर तो नवा शिकवावा लागत नाही. बागायतदार हापूस आणि पायरी यांना व्यवहारात दोन जाती म्हणतो; वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते एकाच जातीचे दोन वाण आहेत. मुलांच्या बशीतले ठिपके हेही वाणच आहेत, आणि ते कोणत्या जातीचे, हे अजून ठरायचे आहे.

ते केवळ पाहून ठरत नाही, कारण सूक्ष्मदर्शकाखाली शेकडो निरनिराळ्या जाती एकाच तऱ्हेच्या आखूड काडीसारख्या दिसतात. म्हणून ग्रॅम रंजनाने पेशीभित्तिकेचा प्रकार पाहतात, कोणती साखर वापरली जाते, किती मीठ व उष्णता सोसली जाते हे तपासतात, आणि मग १६एस आरआरएनए या सुमारे १,५०० अक्षरांच्या जनुकाची ज्ञात जातींशी तुलना करतात. हे साम्य सुमारे ९८.७ टक्क्यांहून कमी भरले तर वेगळी जाती असण्याची दाट शक्यता असते. त्याहून अधिक भरले तर संपूर्ण जनुकसंच ताडून पाहावा लागतो, आणि तिथे ९५ ते ९६ टक्के सरासरी साम्य ही रूढ सीमारेषा आहे. ही सीमा माणसांनी आखलेली आहे, हे ध्यानात ठेवावे.

तुलना करायची ती कोणाशी, याचे उत्तर या शास्त्राची सर्वांत सुंदर व्यवस्था आहे असे मी मानतो. प्रत्येक जातीचा एक प्रमाण वाण असतो आणि तो जिवंत जपला जातो. नवी जाती मांडणाऱ्याने तो निदान दोन वेगवेगळ्या देशांतील सार्वजनिक संग्रहांत जमा करावा लागतो. आपल्याकडे चंडीगड आणि पुणे येथे असे संग्रह आहेत. वर्णन जीवाणूंच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेने मान्य केलेल्या नियतकालिकात छापले जावे लागते किंवा अन्यत्र छापले असल्यास तिथल्या यादीत नोंदवले जावे लागते, तेव्हाच नावाला मान्यता मिळते. १ जानेवारी १९८० रोजी जुन्या नावांचा पसारा आवरून सुमारे २,३०० नावांची मान्य यादी काढली आणि नावांची अग्रक्रमाची गणना त्या दिवसापासून नव्याने सुरू झाली. आज मान्य जातींची संख्या २०,०००च्या पुढे आहे. प्रयोगशाळेत वाढवताच न आलेल्या जीवाणूंसाठी ‘कँडिडाटस’ म्हणजे ‘उमेदवार’ अशी तात्पुरती पदवी आहे, आणि खाडीच्या गाळातले बहुसंख्य जीवाणू असेच न वाढणारे असतात.

तेव्हा जीवाणू सापडणे, तो वेगळा काढणे, त्याची ओळख पटवणे, वर्गीकरणात त्याची जागा ठरवणे आणि त्याला नाव देणे ही पाच कामे आहेत आणि मराठीत त्यांना पाच क्रियापदे आहेत. मुलांनी पहिली दोन पार पाडली, तीही चिकाटीने. त्यांचे वाक्य ‘भाट्ये खाडीलगतच्या कांदळवनातील गाळातून आम्ही जीवाणूंचे काही वाण विलग केले’ असे असावे. ग्रॅम रंजन आणि बीजाणूंची तपासणी केली असेल तर ‘त्यांपैकी काही बॅसिलस प्रजातीतील असावेत’ हे जोडण्यास हरकत नाही; ‘नवी जाती’ हे शब्द मात्र वरील सगळी तुलना झाल्यावरच वापरावेत.

लेखनाबद्दलही त्यांनी ओझरते विचारले आहे. तत्सम ‘जीव’ आणि ‘अणु’ यांचा संधी असल्यामुळे ‘जीवाणू’तला ‘जी’ दीर्घच लिहावा. शास्त्रीय नाव देवनागरीत लिहिताना मोठी-लहान अक्षरे नसल्यामुळे प्रजातीचे नाव आणि विशेषण यांतला भेद दिसत नाही, म्हणून निदान पहिल्या उल्लेखात दोन्ही शब्द पूर्ण आणि तिरप्या ठशात द्यावेत, ‘व्हि.’ असा संक्षेप त्यानंतर करावा, आणि नुसते ‘पॅराहीमोलिटिकस’ असे एकटे विशेषण जातीचे नाव म्हणून कधी वापरू नये.